दाजींनी धरलेला नारळ

अख्ख्या मराठवाड्यात जमिनीवर काडीचा विश्वास नसलेला एकच माणूस असेल, आणि तो नेमका आमच्या घरचा जावई निघाला. माझ्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे अक्काचा नवरा. आम्ही त्यांना दाजी म्हणतो. चार माणसं कुणाच्या घरात शिरली की भिंतीवरचे फोटो बघतात, पंख्याखालची खुर्ची हेरतात. दाजी आधी फरशी बघतात. चप्पल काढता काढता एकदा टाच आपटून घेतात. आवाज भरीव आला तर आत येतात, नाहीतर उंबऱ्यातच थबकून घरधन्याला विचारतात, "इथं खाली काय आहे?" आता खाली काय असणार? जमीन! पण हे उत्तर त्यांना आजवर पटलेलं नाही. जेवतात उभ्याने, फेऱ्या मारत. खुर्चीवर बसले तर टोकाला, म्हणजे वेळ आली तर उठायला बरं. मांडी घालून निवांत बसलेले दाजी मी लग्नाच्या पाटावरसुद्धा पाहिले नाहीत. तिथंही एक गुडघा वर होता, फोटो आहे माझ्याकडे.

अक्काला बघायला आले तेव्हापासूनचं हे. आमचं घर अहमदपूरला, बाबा शाळेत क्लार्क. पोहे झाले, चहा झाला, आणि रीतीप्रमाणे बाबा म्हणाले, "मुलीला काही विचारायचं असेल तर विचारा." दाजींनी घसा साफ केला आणि बाबांनाच विचारलं, "या खोलीखाली पेव आहे का हो?" झालं! त्यांच्या आईनं त्यांना पाठीत चिमटा काढलेला मी स्वतः बघितला. अक्का आत येऊन म्हणाली, "बाई, हे येडं हाय." पाहुणे गेले, पण बाबांना काही राहवेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी पहार आणली आणि शहाबादी फरशा उचकटल्या. तर खाली खरंच पेव! कुण्या जुन्या मालकानं धान्य साठवायला खणलेलं, आत काळी पडलेली ज्वारी आणि असला कुबट वास की शेजारचे धावत आले. बाबा त्या खड्ड्याच्या काठावर बराच वेळ बसून राहिले आणि मग म्हणाले, "इतकी वर्षं आपण ह्याच्यावर झोपलो आणि आपल्याला कळलं न्हाई. ह्या माणसाच्या हाती पोरगी दिली तर ती पडायची न्हाई कुठं." जमलं लग्न. अक्का अजून म्हणते, "मला बघायला आले होते म्हन्तात, पर मी त्या दिवशी कोनच्या रंगाची साडी नेसले होते ते इचारा त्यान्ला. फरशीचा रंग सांगतील."

दाजी शिकलेले आहेत हो, चांगले एम.एस्सी. आहेत. भूभौतिकी असा त्यांचा विषय. बाबांनी तो लग्नपत्रिकेत छापायला सांगितला तर छापखानेवाल्यानं दोनदा चुकवला. काम काय, तर बंद पडलेल्या खाणींवर पाळत ठेवणं. मालक खाण सोडून गेला, मजूर गेले, वर गवत उगवलं, गाव विसरलं. पण खालची भुयारं कुठं जातात? ती तशीच असतात, दगडाच्या खांबांवर छत पेलून. एखाद्या दिवशी खांब थकतो आणि वरची जमीन बसते. त्याच्या आधी कित्येक दिवस आत दगड बारीक बारीक तडकत असतो. माणसाच्या कानाला ते ऐकू येत नाही. म्हणून जमिनीत खिळ्यासारखी यंत्रं रोवायची, वायरी ओढायच्या आणि खोलीत बसून पडद्यावरची थरथरती रेघ बघायची. दाजी त्या यंत्रांना 'कान' म्हणतात. "आज पाच नंबरचा कान दुखतोय," असं ते जेवताना म्हणाले की पहिल्या वर्षी अक्का तेल कोमट करून आणायची.

तर अशा माणसाची नेमणूक व्हावी कुठं? इस्लापूर सोडून किनवटकडे निघालं की लागणाऱ्या एका लहानशा गावात. निजामाच्या काळातली चुनखडीची खाण होती तिथं, कधीच बंद पडलेली. आणि मी कोण? नांदेड-किनवट गाडीची कंडक्टर. म्हणजे रोज जाता-येता मी माझ्या बहिणीच्या दारावरून घंटी वाजवत जाणार! मला कोण आनंद झाला. तो आनंद टिकला आठवडाभर. कारण माझी लालपरी रस्त्यावरून गेली की दाजींचे सगळे कान एकदम भरून जायचे, पडद्यावर नुसता गिचमिडाट. त्यात दगड तडकल्याची बारीक रेघ कुठं शोधायची? मग त्यांनी एसटीचं वेळापत्रक पाठ केलं, म्हणजे तेवढा भाग वजा करता येईल. पण वेळापत्रकाप्रमाणे एसटी येते असं धरून चालणारा माणूस म्हणजे किती शिकलेला असेल बघा. गाडी उशिरा आली की दाजी रस्त्यावर उभेच. "मेव्हणीबाई, आज उशीर कामून? माझा अख्खा तक्ता नासला!" माझ्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत उशिराबद्दल लोकांनी मला काय काय ऐकवलं आहे, पण भूगर्भाच्या वतीनं तक्रार करणारे हे एकटेच. एकदा तर भरलेल्या गाडीसमोर त्यांनी आमच्या ड्रायव्हर मामांना सांगितलं, "तुमच्या मागच्या डाव्या चाकाची हवा कमी हाय, चार दिवस बघून राहिलो मी रेघेत." मामांनी हसत हसत उतरून बघितलं, आणि मग हसायचे थांबले. तेव्हापासून मामा त्या गावातून गाडी अशी हळू काढायचे की म्हातारी माणसं विचारायची, "बिघडली का काय?" मामा म्हणायचे, "न्हाई, दाजीचे कान ठणकत्यात."

गावाला मात्र दाजी समजलेच नाहीत. आणि गावाचा तरी काय दोष? आपल्याकडे जमिनीत गज ठोकून वायर ओढणारा माणूस म्हणजे पाणी बघणारा, हे शेंबडं पोरही जाणतं. त्यात दाजी विचारलं तर खरं सांगायचे, की खाली पोकळ आहे. पोकळ म्हटल्यावर लोकांचे डोळे लकाकायचे. पोकळ म्हणजे झरा! जिथं छत पातळ, धोका जास्त, तिथं दाजी लाल झेंडी लावायचे आणि दुसऱ्या दिवशी तिथं कुणीतरी हळदकुंकू वाहिलेलं असायचं. दारात नारळांची रांग. "साहेब, आमच्या रानात बी चला की. फकस्त बोट दाखवा." दाजी प्रत्येकाला बसवून समजावून सांगायचे की मी पाणाड्या नाही, मी शास्त्रज्ञ आहे. लोक ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि जाताना नारळ ठेवून जायचे.

नारळाचं दाजींना भारी वावडं. आमची बौद्धांची घरं. त्यांच्या वडिलांनी दीक्षेनंतर गंडा, दोरा, लिंबू, नारळ सगळं घराबाहेर काढलं ते कायमचं, आणि दाजी त्यांच्याहून एक पाऊल पुढं. नवी मोटारसायकल घेतली तेव्हा दुकानदारानं चाकाखाली लिंबू ठेवलं, तर ह्यांनी ते उचलून खिशात घातलं आणि घरी येऊन सरबत करून प्याले. आता ह्या माणसाच्या ओसरीवर रोज नारळ! ते पिशवीत भरायचे आणि घरोघर परत द्यायला निघायचे, पण कोणता कुणाचा हे कसं कळणार? शेवटी अक्कानं ताबा घेतला. चटणी, खोबऱ्याच्या वड्या, आमटीत वाटण. मी येता-जाता डबे नेऊन थकले. दाजी म्हणाले, "हे बरोबर नाही. लोकांना वाटेल आपण मान्य केलं." अक्का खोवणी न थांबवता म्हणाली, "बावीस प्रतिज्ञा मला पाठ हायेत. त्यात खोबऱ्याचं नाव न्हाई. खावा गप."

दाजींचा खरा जीव अडकला होता तो वेगळीकडे. त्यांच्या खोलीसमोर, रस्त्यापलीकडे, मुलींची निवासी शाळा. आसपासच्या तांड्यांवरच्या, आदिवासी गुड्यांवरच्या मुली तिथं राहायच्या. इमारत पक्क्या खडकावर होती, पण मैदानाचा एक कोपरा बरोबर भुयारावर. संध्याकाळी त्याच कोपऱ्यात मुली लेझीम खेळायच्या. पहिल्यांदा ती रेघ पडद्यावर उमटली तेव्हा दाजी चहाचा कप टाकून धावले होते, जमीन ठराविक ठेक्यात तडकते आहे म्हणून! गेटातून आत जाऊन बघतात तर चाळीसेक पोरी, 'एक दोन तीन चार, खाली वाक'. वसतिगृहाच्या बाईंना त्यांनी हात जोडले, की जागा बदला. बाई कडक. म्हणाल्या, "तेवढीच सावली हाय साहेब तिथं. पोरींनी उन्हात खेळायचं का उडत राहायचं? मला वरून लेखी आणून द्या." दाजींनी वर लिहिलं. कुंपण मागितलं. वरून उत्तर आलं, निरीक्षण चालू ठेवावे. पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. ते निरीक्षण चालू ठेवून बिचारे वाळत चालले. मी गाडीतून बघायची, संध्याकाळच्या फेरीला दाजी हमखास शाळेच्या गेटाशी उभे असायचे, पायाचे अंगठे चपलेत आवळून. लेझमीच्या प्रत्येक ठेक्याला त्यांचे खांदे उडायचे. मला आधी हसू यायचं. मग यायचं बंद झालं.

उन्हाळा आला आणि पाणी गेलं. विहिरी आटल्या, शाळेचा हापसा नुसता हवा ओकायला लागला, टँकर येईनासा झाला. पोरी हंडे घेऊन नाल्यात झिरा उकरायला जायच्या. दाजींचा घोर वेगळाच. भुयारात इतकी वर्षं पाणी साठलेलं होतं, त्याचा छताला आधार होता. ते खाली उतरलं तसे खांब एकटे पडले. रेघेवरच्या टिचक्या वाढत चालल्या होत्या. एका दुपारी जेवताना त्यांनी मला हे वाटीवर पापड ठेवून दाखवलं. "ही वाटी म्हणजे खाण. हा पापड म्हणजे मैदान. वाटीत पाणी भरलेलं असलं तर पापडाला आधार. पाणी काढलं, की..." आणि बोटानं टिचकी मारली. पापड मोडून वाटीत. त्यांनी तोच प्रयोग सरपंचांना, बाईंना, ग्रामसेवकाला, सगळ्यांना दाखवला. सरपंच म्हणाले, "पापड लई ग्वाड हाय. उडदाचा का?"

आणि मग तो दिवस. दुपारची माझी गाडी गावात शिरली आणि थांबली, कारण शाळेच्या गेटात एक अजस्र बोअरची गाडी आडवी घुसत होती. त्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील, तमिळनाडूकडून येतात, एकेक गाडी म्हणजे लोखंडाचा डोंगर. सरपंच आणि बाईंनी मिळून बोअर घ्यायचं ठरवलं होतं. आणि जागा? जागा शोधायची गरजच नव्हती. साहेबांनी मैदानाच्या कोपऱ्यात लाल झेंडी लावून ठेवलीच होती! सगळं गाव जमलेलं, माझ्या गाडीतले प्रवासीही उतरून गर्दीत घुसले. मामा मला म्हणाले, "बाई, दाजी बघा." दाजी एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, त्या गाडीपुढं दोन्ही हात पसरून उभे.

"मागं घ्या! गाडी मागं घ्या! खाली पोकळ हाय!"

गाडीच्या ड्रायव्हरला मराठी येत नव्हतं. तो हसून मान हलवत होता आणि इंचाइंचानं पुढं सरकत होता. पुढची चाकं कोपऱ्यापासून हाकेवर आली होती, आणि झेंडीभोवती पोरी रिकामे हंडे घेऊन उभ्या. हंडे घेऊन! बोअर लागलं की पहिलं पाणी भरायला!

सरपंच म्हणाले, "साहेब, पोकळ हाय म्हनूनच आनली की गाडी. झेंडा तुमीच लावला न्हाई का?"

"तो धोक्याचा झेंडा हाय! खाली पाणी असंलही, पण वरचं छत पातळ हाय!"

"मंग तर लवकर लागंल!" गर्दीतून कुणीतरी बोललं आणि लोक हसले.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्या पुढं आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, आठ दिवस झाले पोरींनी अंघोळ केली न्हाई. तुमची रेघ-बिघ मला कळत न्हाई. पाण्याची दुसरी जागा असंल तर सांगा, नसंल तर सरका." त्यांचंही काय चुकलं होतं? मला आजही त्यांचा राग येत नाही.

दाजींनी चौफेर बघितलं. सरपंचांकडे, बाईंकडे, झेंडीपाशी उभ्या पोरींकडे, मग माझ्याकडे. त्या नजरेत नुसती कासाविशी होती. रस्त्यापलीकडे खोलीच्या दारात अक्का उभी होती, तिच्याकडे त्यांनी शेवटी बघितलं. आणि मग एकदम खणखणीत आवाजात म्हणाले, "नारळ आना!"

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. अक्कानं पदर तोंडाला लावला. गर्दीत अशी काही लाट गेली, की बास! नारळ काय, पाच-सहा नारळ आले. दाजींनी एक घेतला, उजव्या तळव्यावर आडवा ठेवला, डोळे मिटले आणि चालायला लागले. आता पाणाड्याच्या हातातला नारळ पाणी असेल तिथं उभा राहतो म्हणतात, पण दाजींनी आयुष्यात नारळ धरला होता कधी? दहा पावलांवर तो गडगडत खाली पडला. लोक म्हणाले, "हाऽऽऽ!" त्यांना वाटलं हाच पहिला कौल. झेंडीपाशी तो पडला नाही याची दखल घेतली गेली. दाजी पुन्हा निघाले. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, आणि मागं अख्खं गाव, माझे तिकिटं काढलेले प्रवासी आणि पोरी. इमारतीला वळसा घालून ते स्वयंपाकघरामागं गेले. तिथं अस्सल भरीव खडक आहे, हे त्यांना ठाऊक होतं आणि मला पापडाच्या वेळी सांगितलेलं होतं. तिथं त्यांनी अंगठ्यानं हळूच रेटा दिला. मी बघितला तो अंगठा. नारळ उभा राहिला.

"उभा ऱ्हायला! उभा ऱ्हायला!" टाळ्या काय, शिट्ट्या काय. बोअरची गाडी मागं घ्यायला लावली. तिचं चाक कोपऱ्यापासून दूर जाईपर्यंत दाजी जमिनीला तळहात लावून उकिडवे बसलेले. लोकांना वाटलं नमस्कार करताहेत. मग उठून ते म्हणाले, "आता ऐका. पाण्याची वाट त्या कोपऱ्याखालून येते. तिथं माणसाचा, ढोराचा, कुणाचा पाय पडला तर पाणी वाट बदलंल. कोपरा बंद करा." वर्षभर कागद पाठवून जे कुंपण आलं नाही ते त्या संध्याकाळी दिवेलागणीच्या आत बोराटीच्या काट्यांनी घट्ट उभं राहिलं. लेझीम इमारतीच्या पुढच्या अंगणात गेली.

गाडी किनवटला सोडून मी परतीच्या फेरीत मामांना चहाला थांबवलं आणि आत डोकावले. दाजी भिंतीकडे तोंड करून उभे. ताट तसंच झाकलेलं. म्हणाले, "मेव्हणीबाई, माझ्या वडिलांनी आज मला बघितलं असतं तर घरात घेतलं नसतं." मला रडूच फुटायला आलं होतं. अक्का म्हणाली, "पोरी वर हायेत का खाली?"

"वर हायेत."

"मंग जेवा."

आणि ते जेवले. उभ्यानंच, पण जेवले.

बोअर कोरडं गेलं, हे सांगायला नकोच. खडकात पाणी कुठून येणार? दोन दिवस नुसती पांढरी पूड उडाली, पोरींच्या वेण्या पांढऱ्या झाल्या. गावानं दाजींना मनातून उतरवलं. रोजचे नारळ बंद झाले. "साहेबाचा नारळ फेल गेला," असं लोक त्यांच्या तोंडावर म्हणायचे. माझ्या गाडीत तर हा विषय इस्लापूरपर्यंत पुरायचा, आणि मी तिकिटं फाडत गप्प राहायची, कारण दाजींनी शपथ घातली होती. खरं सांगितलं तर कुंपण खोटं ठरेल. पाण्याचं म्हणाल, तर बाईंनी शेवटी सगळ्या पोरी हंड्यांसकट तहसीलसमोर नेऊन बसवल्या आणि टँकर सुरू करून घेतला. त्या बाईला मी मानते. कुंपण मात्र राहिलं. त्याच्यावर कुणाची श्रद्धा उरली नव्हती, पण आपल्याकडे एकदा लावलेलं काढायला कोण जातंय? आपल्या आळसाचे उपकार मी त्या वर्षी पहिल्यांदा मानले. दाजींना तेवढाही भरवसा नव्हता. एखादी पोरगी चेंडू आणायला आत घुसली तर? रोज संध्याकाळी ते कुंपणाला लागून येरझारा घालायचे. पोरी त्यांना चिडवायच्या, "साहेब, पानी आलं का हो?"

पोळ्याच्या सुमाराला माझी सुट्टी होती म्हणून मी अक्काकडे आले होते. चहा घेत होतो. दाजी पडद्याकडे बघता बघता एकदम उठले, कप कलंडला, आणि एक शब्द न बोलता बाहेर पळाले. मी मागं. ते गेटापाशी पोहोचले असतील नसतील, तोच 'धप्प' असा दबका आवाज झाला. फार मोठाही नाही, पोतं टाकल्यासारखा. आणि बघते तर कुंपण नाही, झेंडी नाही, सावलीचं झाड नाही. कोपराच नाही. नुसती धूळ, आणि धूळ बसल्यावर एक विहिरीएवढा खड्डा.

लोक खड्ड्याकडे धावले. दाजी उलट्या बाजूला धावले, बाईंकडे. "हजेरी घ्या! बाई, हजेरी घ्या!" बाईंनी हजेरी घेतली, तोंडपाठ, तिथंच उभ्यानं. आत्राम रेणुका. हजर. कनाके मंगल. हजर. प्रत्येक 'हजर'ला दाजी मान हलवत होते, आणि हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. मडावी सुनीता. कुणी बोललं नाही. मडावी सुनीता! बाईंचा आवाज चिरकला. दाजी खड्ड्याकडे वळलेसुद्धा होते, तेवढ्यात न्हाणीघराचं दार वाजलं आणि डोक्याला साबणाचा फेस लावलेली एक पोरगी धावत आली, "हजर बाई, हजर!"

दाजी खाली बसले. चक्क मांडी घालून, मातीत, दोन्ही हात गुडघ्यांवर टाकून. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बसलेलं पहिल्यांदा बघितलं.

तोवर खड्ड्याकडून आरडाओरडा. "पानी! पानी हाय रं!" खांब उन्हाळ्यातच खचले होते, पण भुयारात पावसाचं पाणी पुन्हा साठलं होतं, ते खाली हिरवंगार चमकत होतं. सरपंच तरातरा आले. "काय साहेब! आमी म्हनत होतो हितंच पानी हाय. झेंडा बी हितंच होता. तुमी नारळ घिऊन आमाला दगडावर नेलं. पोरींनी उगंच हाल काढले का न्हाई?"

असला संताप आला मला! तोंड उघडलंच होतं मी. पण दाजींनी खालूनच माझ्याकडे हात केला आणि सरपंचांना म्हणाले, "हाव सरपंच. चुकलं माझं." त्यांच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. त्यांचं लक्षच नव्हतं हो तिकडं. ती साबणवाली पोरगी मैत्रिणींत उभी राहून डोळे चोळत होती, ते तिच्याकडे बघत होते.

पुढं रीतसर तपासणी झाली, तारेचं कुंपण आलं, सरकारी पाटी आली आणि काम संपलं म्हणून यंत्रं काढून नेली. दाजींची लातूरला बदली झाली. गावात अजून त्यांची आठवण निघते ती नारळ फेल गेलेले साहेब म्हणूनच. बाई तेवढ्या कधी हसत नाहीत. परवा गाडीत चढल्या, तिकीट घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "त्यांना विचारलंय म्हणावं." त्यांना काय कळलं आहे आणि काय नाही, मी विचारलं नाही.

लातूरला दाजींना फ्लॅट मिळाला तो तिसऱ्या मजल्यावर. टाच आपटली की खालचं कुटुंब वर येतं. पायाखाली जमीन नाही म्हणून त्यांचा जीव आणखीच सैरभैर झाला आहे, अक्का सांगते. संध्याकाळची माझी गाडी त्या गावात शिरायच्या सुमाराला त्यांचा फोन येतोच. गाडी वेळेवर नसते, पण फोन बरोबर तेव्हाच कसा येतो, हे कोडं मला सुटलेलं नाही. "मेव्हणीबाई, पोरी खेळून राहिल्या का?" असं विचारतात. मी खिडकीतून हात बाहेर काढून फोन धरते. आमचे ड्रायव्हर मामा आपणहून गाडी कडेला घेतात आणि इंजिन बंद करतात. प्रवासी कुरकुरतात, मी एकेकाकडे अशी बघते की गप्प बसतात. अंगणातून लेझमीचा ठेका येत राहतो.

"ऐकू आलं का दाजी?"

"हाव." मग म्हणतात, "डाव्या बाजूच्या पोरी मागं पडून राहिल्या. बाईंना सांगा, जोरात पाय आपटा म्हणावं. तिथं खडक हाय."

मी फोन आत घेते आणि मामांना डबल घंटी देते.